खात्रीचा खर्च

...अन् वरून तो प्रसेनजित मलेच म्हणते, "काका, एकतीस तारखेच्या आत रिन्यू नाही केलं तं सगळं बंद पडंन." सगळं म्हणजे काय सगळं? तुमाले सांगतो, माहं बिछायत केंद्र हाये नांदुऱ्याले, स्टेशनच्या रस्त्यावर, बाबांच्या वेळचं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, गंज, कढया, पराता, गाद्या, लोड, सतरंज्या, खुर्च्या, सगळं आपल्या इथून भाड्यानं जाते. आता मले सांगा, कढई कधी बंद पडली का? सतरंजी कधी म्हणाली का, का एकतीस तारीख आली, आता मी अंथरल्या जात नाही, पहिले मले रिन्यू करा? बाबांनी घेतलेला एक पितळी गंज हाये माह्याजवळ, पोचे पडले, एक कान तुटला, पण आजही पाचशे माणसाचं वरण उकळून देते अन् एका शब्दानं बोलत नाही. अन् हे कॉम्प्युटरचं सामान... वरून नवं कोरं, एक ओरखडा नाही, अन् दरसाली मरते. बरोबर मार्चमध्येच मरते! तुमाले यात काही गडबड वाटत नाही? मले वाटते.

आता तुमी म्हणसान, भगवानराव, तुमी लय संशयी. नाही हो. माहा स्वभाव संशयी नाही. मी फक्त खात्री करून घेतो.

तं तो प्रसेनजित यादी घेऊन आला. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान हाये बस स्टँडजवळ, जानराव गुरुजीचा पोरगा, लय हुशार, माह्या डोळ्यासमोर मोठा झाला, बोलणं एकदम नम्र. आता एवढं नम्र माणूस काऊन बोलते? मी गिऱ्हाइकाशी नम्र केव्हा बोलतो? जवा सतरंजीले भोक असते तवा. म्हणून मी त्याच्यापासून जरा सावधच राहतो. यादी वाचली त्यानं... बिछायतीचं सॉफ्टवेअर, त्याचं सालाचं भाडं. इंटरनेट, त्याच्या दोन लाइनी. अँटिव्हायरस, तेही दोन. आठ कॅमेरे, अन् त्याचं रेकॉर्डिंग म्हणे कुठीतरी दूर ठेवलेलं हाये, त्या जागेचं महिन्याचं भाडं. टेम्पोले जीपीएस, त्याचं भाडं. अंगठा लावायची मशीन, तिची देखभाल. फोनचं रेकॉर्डिंग, त्याचं भाडं. म्हणजे पाहा, हेही बिछायतच झाली न? मी गावाले भाड्यानं देतो, अन् हे मले भाड्यानं देऊन राह्यले. फरक एवढाच का माहा गंज गिऱ्हाईक बोटानं वाजवून पाहते, अन् चिरलेला निघाला तं माह्या दारात आणून आदळते. हे सॉफ्टवेअर मी कुठी वाजवू?

बेरीज आयकली अन् माह्या हातातला चहा थंड झाला. म्हणलं, नाही. आता खर्च कमी करायचा. पण कमी करायच्या आधी, प्रसेनजितचे रेट बरोबर हायेत का नाही याची खात्री नोको का कराले? दुसऱ्या दिवशी मलकापूर गाठलं. तठीचा कॉम्प्युटरवाला यादी पाहून हसला. म्हणते, "साहेब, तुमाले चांगलंच कापलं." तुमाले खोटं कायले सांगू, मले इतकं बरं वाटलं! म्हणलं, पाहा, मी म्हणतच होतो. मंग त्यानं त्याचा रेट लिहून देला. तो प्रसेनजितपेक्षा दीडपट. मी म्हणलं, "हे काय?" म्हणते, "क्वालिटी."

मंग खामगाव गाठलं. तठी एक जण खास खर्च कमी करून देणारा हाये असं समजलं. काचेचं ऑफिस, आत थंडगार. त्यानं पहिले फी घेतली. कायची फी? खर्च कमी कसा करायचा ते सांगायची फी. फी देल्ली. त्यानं यादी पाह्यली, चष्मा काढला, अन् म्हणते, "सर, तुमच्या धंद्याले आठ कॅमेरे कमी हायेत, बारा तरी पाह्यजेत." मी यष्टीत बसून परत आलो. 

घरी आलो तं बायको, आमची शालूबाई, दारातच. म्हणते, "काय झालं, कमी झाला का खर्च?" म्हणलं, वाढला. म्हणते, "पण एवढ्या मशीनी तुमी घेतल्या तरी कायले? मामंजी होते तवा एक वही होती अन् एक गोविंदा होता." बस. तिथंच तिनं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. काऊन का हे सगळं गोविंदापासूनच तं सुरू झालं न.

गोविंदा कोण, ते सांगतो. गोविंदा म्हणजे माह्या दुकानाचे हातपाय. बावीस वर्षं झाले. टेम्पो तोच चालवते, माल तोच चढवते, गावोगावी तोच पोचवते, मोजून देते, मोजून आणते. कोणता झारा कोणत्या गंजात ठेवलेला हाये ते मले माहीत नाही, त्याले डोळे मिटून माहीत हाये. सालगड्यासारखं त्याचंही साल, म्हणजे वर्षाची मजुरी, पाडव्याले ठरते. पाडव्याले गुढी उभारली का तो नवा सदरा घालून येते, आम्ही सालाचं बोलतो, शालूबाई त्याले साखरेची गाठी देते, झालं, पुढच्या पाडव्यापर्यंत भगवानराव बिनधास्त. तो जर नसला न, तं ऐन वैशाखात, एका दिवशी सात-सात लग्नं असतात, मी कोणत्या गावाले कोणती कढई धाडू? बिना कढईचं लग्न पाह्यलं का तुमी कधी? मीही नाही पाह्यलं. अन् पाहायचंही नाही.

तं तीन वर्षांआधी सॉफ्टवेअर घेतलं. त्याचा नियम असा, का माल ज्या दिवशी परत आला त्याच दिवशी मोजून टाकायचा. नाही टाकला तं ते लाल होते. लाल म्हणजे कसं? लग्नाच्या शालूसारखं लालभडक. तवाच गोविंदा वडनेरहून एका तेरवीचा माल घेऊन आला. मी म्हणलं, "मोजून आणला का?" म्हणते, "नाही." म्हणलं, "काऊन?" म्हणते, "आणतो नं भाऊ दोन-तीन दिवसांत, राह्यलं-साह्यलं." अन् गेला हातपाय धुवाले. मी इकडं मोजलं तं बारा ग्लास अन् एक परात कमी. सॉफ्टवेअर लाल. तीन दिवसांनी पाह्यलं तं बारा ग्लास अन् परात आपापल्या जागेवर. आता मले सांगा, भांडे काय माहेरी जाऊन येतात का?

म्हणलं जाऊ दे, एखाद्या वेळेस होते. पण मी पाहत राह्यलो. लग्नाचा माल आला, पूर्ण. बारशाचा आला, पूर्ण. तेरवीचा आला, कमी! अन् तीन दिवसांनी पूर्ण. प्रत्येक वेळेस. मले सांगा, तुमच्या डोक्यात काय आलं असतं? माह्या डोक्यात आलं का हा लेकाचा मधले तीन दिवस माही भांडी बाहेर परस्पर भाड्यानं देऊन राह्यला. संशय नाही हो. माहा स्वभावच तसा नाही. फक्त खात्री कराले म्हणून टेम्पोले जीपीएस लावलं.

अन् जीपीएसनं दाखवलं न! तेरवी होऊन तिसरा दिवस, अन् टेम्पो परत त्याच गावात. उभा. पंचवीस मिनिटं! पंचवीस मिनिटं काय करते तो तठी? भाव करते का? पैसे घेते का? मंग मी गोडाऊनमध्ये, समोरच्या दारावर, कॅमेरा लावला, माल परत केव्हा येते ते पाहाले. मंग वाटलं, तो मागच्या दारानं आणत असंन तं? मागच्या दाराले एक. मंग वाटलं, भांडे धुवाले बसते ते अंबूबाई, तिचं अन् याचं संगनमत असंन तं? मोरीवर एक. रस्त्यावर एक, टेम्पोवर एक, गल्ल्यावर एक. मंग एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात आलं का कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात होते तो डबाच कोणी बंद केला तं? उठून बसलो. सकाळी त्या डब्यावर एक कॅमेरा. सात झाले. अन् आठवा? आठवा कॉम्प्युटरच्या खुर्चीवर. काऊन का पासवर्ड प्रसेनजितजवळ असते. तोच कॅमेरा प्रसेनजितनंच लावला, खुर्चीवर चढून. लावता लावता म्हणते, "काका, हा नेमका कोणासाठी?" मी म्हणलं, "असाच."

दोन अँटिव्हायरस कायले म्हणसान, तं एक प्रसेनजितनं टाकलेला, अन् त्याच्यावर लक्ष ठेवाले दुसरा मलकापूरहून आणलेला. आता ते दोघे एकमेकांलेच चोर समजतात म्हणे. कॉम्प्युटर सुरू केलं का त्यायचंच चालते, मी आंघोळ करून, पूजा करून, पोहे खाऊन येतो तवा कुठी पडदा उजळते.

अंगठ्याच्या मशीनीचं तं विचारूच नोका. माणसं दोन, गोविंदा अन् अंबूबाई, अन् मशीन आणली दोनशे माणसाची, काऊन का तेच सेलमध्ये होती. अंबूबाईनं अंगठा लावला तं मशीन म्हणते, माणूस ओळखू येत नाही. पुसून लावला, नाही. तेल लावून लावला, नाही. तीस वर्षं राखेनं भांडे घासून घासून त्या बाईच्या अंगठ्यावर रेघच राह्यली नाही. रोज सकाळी ते बाई माह्यासमोर उभी, अन् मशीन सांगते गैरहजर. अंबूबाई मले म्हणे, "दादा, मी हाये का नाही ते तुमी सांगा, तिले काय इचारता." मले तिचं खरं वाटलं. पण तरी खात्री करून घ्यावं म्हणून चेहरा ओळखायची मशीन घेतली.

अन् एक सांगायचं राह्यलं. गोविंदा मले पहिल्या दिवसापासून "भाऊ" म्हणायचा. ज्या दिवशी गोडाऊनमध्ये कॅमेरा लागला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून "शेट" म्हणाले लागला. मले वाटलं, चला, पैसे वसूल, इज्जत वाढली.

आता फोनचं. गोविंदाले दुकानाचा मोबाईल देलेला हाये, त्याच्यात रेकॉर्डिंग टाकलं. रोज दुपारी जेवण झालं का मी कानात ते लावून पडतो. त्याच्यात काय असते? "हाव, येतो." "हाव, टाकतो." "टेम्पो वळंन का गल्लीत?" बस एवढंच. पण फेब्रुवारीत एक दिवस, मी अर्ध्या झोपेत, अन् कानात आवाज आला, खामगावच्या एका मोठ्या बिछायतवाल्याचा. "गोविंदा, पाडव्याले माह्याकडं ये. भगवानरावापेक्षा जास्त देतो, टेम्पोही नवा हाये." मी ताडकन उठलो. झोप उडाली. अन् आपला गोविंदा काय म्हणते? "पाडव्याले पाहू." पाहू? पाहू म्हणजे काय? मले सांगा, पाहू म्हणजे हाव का नाही?

आता पाहा कशी गंमत हाये. माणूस जाऊन राह्यला, मले माहीत हाये. पण मी त्याले विचारू शकतो का? विचारलं तं तो म्हणंन, तुमाले कुठून समजलं? म्हणजे मी पैसे देऊन जे आयकलं ते आयकलं नाही असं दाखवाले रोज त्याच्यासमोर हसून राह्यलो. दीड महिना! गाल दुखाले लागले माहे. म्हणून रोज जास्त लक्षानं रेकॉर्डिंग आयकाले लागलो, का तो खामगाववाल्याले फोन करते का. नाही केला. न केला म्हणून तं अखिन काळजी वाढली. समोरासमोर भेटत असतीन तं?

अशात ते एकतीस तारीख जवळ आली अन् प्रसेनजित येऊन बसला. म्हणते, "काका, कागद घ्या. एक एक पाहू, कोणती गोष्ट कायच्या कामाची हाये. जी कामाची नाही ते काढू." म्हणलं, ठीक.

"सॉफ्टवेअर कायले?"

"बुकिंगले."

"राहू द्या. एक इंटरनेट राहू द्या. जीपीएस कायले?"

"गोविंदासाठी."

"गोडाऊनचा कॅमेरा?"

"गोविंदासाठी."

"मागच्या दाराचा?"

"गोविंदासाठी."

"फोन रेकॉर्डिंग?"

"गोविं... हाव."

"मोरीवरचा?"

"अंबूबाईसाठी."

"अन् हा, खुर्चीवरचा?"

मी खिडकीतून बाहेर पाह्यलं. म्हणलं, "तुह्यासाठी."

त्यानं वर कॅमेऱ्याकडं पाह्यलं, जरा केस नीट केले, अन् लिहीत राह्यला. मंग कागद माह्यापुढं सरकवला. धंद्याच्या कामाचं एवढंसं, अन् बाकी सगळं माणसावर लक्ष ठेवायचं. म्हणते, "काका, हे लक्ष ठेवायचे पैसे पाहा. याच्यात तुमी अखिन एक गोविंदा ठेवू शकले असते."

मी म्हणलं, "मंग त्याच्यावर लक्ष कोण ठेवंन?"

शालूबाई चहा घेऊन आली होती, ते तिथंच उभी. म्हणते, "तीन वर्षांत सापडलं काय ते तं सांगा." आता काय सांगू? तीन वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये मोरीवर अंबूबाई भांडे घासून राह्यली, टेम्पोवर कावळा बसून राह्यला, अन् गोडाऊनमध्ये गोविंदा पराता पुसून, उलट्या करून, ओळीनं ठेवून राह्यला. तेही कोणी पाहत नाही असं समजून. मी म्हणलं, "सापडलं नाही, म्हणजेच तो हुशार हाये." तं ती चहा ठेवून आत निघून गेली.

प्रसेनजित हळूच म्हणते, "काका, जीपीएस काढायच्या आधी एकदा गोविंदाकाकाले विचारून पाहा नं, ते पंचवीस मिनिटं कायचे ते." मी म्हणलं, "विचारल्यावर तो काय खरं सांगंन?" म्हणते, "तो सांगंन अन् तुमी ताडून पाहा. मशीन तुमच्याजवळ हाये." हे मले पटलं. विचारायचं नाही, ताडून पाहायचं. माहा स्वभाव काही... जाऊ द्या, तुमाले पाठ झालं असंन आतापर्यंत.

पाडवा आला. गुढी उभारली. मी सकाळपासून दारात. गोविंदा येते का खामगावची गाडी धरते? नऊ वाजले, नाही. साडेनऊ, नाही. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आलो... तुमाले सांगतो, पैशासाठी नाही. खुर्च्या कोणीही उचलंन. पण बावीस वर्षं रोज सकाळी शटर वर जायचा आवाज त्याच्या हातचा. तो आवाज दुसऱ्या कोणाच्या हातानं आला तं मले माहं दुकान माहं वाटणार नाही. पावणेदहाले आला. नवा सदरा, कपाळाले टिळा. बसला, पण खुर्चीवर टेकला नाही.

मी म्हणलं, "गोविंदा, एक विचारू? तेरवीचा माल कमी येते, अन् तू तीन दिवसांनी परत तठी जातं, पंचवीस मिनिटं थांबतं. काऊन?"

त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी त्याले दोन अन् दोन किती ते विचारलं. म्हणते, "शेट, तेरवीच्या घरी दारात भांडे मोजत नाहीत."

"काऊन?"

"त्या घरात माणूस कमी झालेला असते. तठी उभं राहून 'एक कमी हाये, दोन कमी हायेत' असं मोठ्यानं म्हणायचं नाही. बाबांनी मले पहिल्याच साली सांगतलं होतं. जेवढं हाती लागलं तेवढं आणायचं. तिसऱ्या दिवशी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, चार शब्द बोलायचे. मंग तेच घरातून आणून देतात. आजपर्यंत एक ग्लास गेला नाही."

पंचवीस मिनिटं म्हणजे एक कप चहा. माह्या बाबांचा नियम, अन् तो मले सॉफ्टवेअरमध्ये लाल दिसून राह्यला होता. बाबा गावोगाव फिरायचे तवा मी अकोल्याले कॉलेजात, अन् नंतर गल्ल्यावर. मी कोणत्या तेरवीच्या दारात केव्हा उभा राह्यलो? मी म्हणलं, "हे मले काऊन नाही सांगतलं बे?"

म्हणते, "तुमी मले विचारलं कुठी? तुमी मशीन आणली."

तुमाले खरं सांगतो, मले लाज वाटली. खाली पाह्यलं तं चपला दिसल्या, वर पाह्यलं तं कॅमेरा दिसला. कुठी पाहावं ते समजेना. अन् त्या भरात मी बोलून गेलो, "गोविंदा, सगळं बंद. कॅमेरे, जीपीएस, फोन, सगळं काढून टाकतो. तुह्यावर माहा पुरा विश्वास हाये." खर्चाचंही बसत होतं म्हणा त्यात. पण त्या घडीले मनातून बोललो, देवाशपथ.

मले वाटलं आता तो पाया पडंन, नाही तं निदान हसंन तरी. तो हसला नाही. उठून गुढीची काठी सरळ केली. मंग म्हणते, "गोडाऊनच्या दाराचा राहू द्या एक."

मी म्हणलं, "काऊन? विश्वास हाये म्हणलं न तुह्यावर."

"आज हाये, शेट. वैशाखात एक परात कमी आली का मंग? तवा मी काय दाखवू? तो एक कॅमेरा मले राहू द्या. भाडं जास्त होत असंन तं अर्धं माह्या सालातून कापा."

अर्धं! माणूस स्वतःवर पहारा ठेवाले स्वतःच्या मजुरीतून पैसे देऊन राह्यला, अन् बोलून कसं राह्यला, जसं दोघांत एक चहा सांगून राह्यला. मी तिथंच म्हणाले पाह्यजे होतं, का गोविंदा, गेला तो कॅमेरा चुलीत. तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हणता आलं नाही. काऊन का त्याचं खरं होतं. वैशाखात परात कमी आली तं मी पहिलं नाव कोणाचं घेईन? त्याले माहीत होतं. मलेही माहीत होतं.

मी विषय बदलला. म्हणलं, "बरं, मंग अखिन कुठून काही बोलावणं वगैरे...?" एकदम सहज. तं म्हणते, "खामगावचं? ते तं तुमी आयकलंच हाये."

"मी? मी कुठी..."

"फोन उचलला का पहिले टुक असं वाजते, शेट. म्हणून तं मी 'पाडव्याले पाहू' म्हणलं. म्हणलं, तुमी आयकसान, येऊन विचारसान, का बा जातं का राहतं. दीड महिना वाट पाह्यली. तुमी आले का नुसते हसत होते. मले वाटलं डोक्यावर काही परिणाम झाला."

मी म्हणलं, "मंग... जातं का राहतं?"

"राहतो. तठी चोवीस कॅमेरे हायेत."

शालूबाईनं गाठी देली. साल ठरलं. मी वरून थोडं वाढवलं, त्यानं नाही म्हणलं नाही. सात कॅमेरे निघाले, जीपीएस निघालं, फोनचं निघालं. एक अँटिव्हायरस निघाला तं दुसरा एवढा खूश, का आता कॉम्प्युटर माही आंघोळ व्हायच्या आधीच सुरू होते. खर्च कुठल्या कुठी खाली आला. खामगाववाल्या काचेच्या ऑफिसात जाऊन त्याले दाखवावं असं मले रोज वाटते. एकच अट गोविंदानं घातली. म्हणते, अर्धे पैसे मी देतो, तं मलेही दिसलं पाह्यजे. प्रसेनजितनं तो कॅमेरा त्याच्या मोबाईलवर जोडून देला. मी म्हणलं दे, बरोबरच हाये, भागीदारी म्हणजे भागीदारी. मले काय माहीत?

चैत्राच्या शेवटी शालूबाईचं कुरड्याचं निघालं. म्हणते, गोडाऊनमधली मोठी परात आणा. मी गेलो, उचलली, डोक्यावर पालथी घातली उन्हासाठी, अन् घरी आणली. माह्या बापाचं गोडाऊन, माही परात, त्याच्यात लिहायचं काय? तासाभरानं मोबाईलवर गोविंदाचा मेसेज. फोटो होता. पाठमोरा माणूस, बनियन अन् लुंगी, डोक्यावर परात, चोरपावलानं जाऊन राह्यला. खाली लिहिलं, "शेट, परात एक कमी. हा माणूस कोण हाये ते ओळखू येते का पाहा. मी विचारून घेतो, हिशोब खाली-वर व्हाले नोको."

आता काय कळवू? कळवलं, "मी."

त्यानं कळवलं, "नक्की?"

शालूबाई एवढी हसली, एवढी हसली, का कुरड्याचा चीक खाली लागला. तवापासून गोडाऊनमधून काही न्यायचं झालं का मी दारात उभा राहतो, तोंड वर करतो, वस्तू दोन्ही बाजूनं कॅमेऱ्याले दाखवतो, मोठ्यानं सांगतो, "एक परात, घरी, परवा परत," अन् माह्या मोबाईलवर त्याचं "बरं" येईपर्यंत हलत नाही. काल ते "बरं" येईचना. भर दुपार, ऊन मी म्हणते, डोक्यावर परात, येणारे-जाणारे नमस्कार करून राह्यले, मी त्यायले परातीखालून नमस्कार करून राह्यलो. वीस मिनिटं उभा होतो. नंतर समजलं, गोविंदा जेवून राह्यला होता.